रुमाल टाकून ठेवा, दाजी!

राहुरी आणि कोल्हार यांच्या मधे, नगर-मनमाड रस्त्याला लागून, आमच्या दाजींचं पेढ्याचं दुकान आहे. दुकानाचं नाव मी सांगणार नाही. तुम्ही भली माणसं आहात, तुमच्यावर अविश्वास नाही. पण हा लेख वाचून होईपर्यंत तुमच्यातल्या कुणी त्या नावापुढं टिंब देऊन काहीतरी चिकटवलं, तर मला यंदा भाऊबीजेला बहिणीच्या दारात उभं राहता यायचं नाही.

प्रकरण सुरू झालं एका फोनवरून. मी गेलो त्या दिवशी मागं भट्टीवर खवा होता. उलथनं कढईच्या बुडाला घासताना जो आवाज होतो, तो खवा घट्ट व्हायला लागला की बदलतो. दाजी पुढं गल्ल्यावर बसून, गिऱ्हाइकाला सुटे पैसे देता देता तो आवाज ऐकतात आणि मान न वळवता ओरडतात, "आच कमी कर रं!" ही विद्या त्यांच्या वडिलांची, आणि दुकानाचं नावही त्यांचंच. तेवढ्यात फोन वाजला. दाजींचे दोन्ही हात पेढ्यात, म्हणून त्यांनी कोपरानं स्पीकर लावून फोन वजनकाट्यावर ठेवला. काट्यावर पेढ्याचा भाव, म्हणजे किलोला चारशे ऐंशी, आधीच चढवलेला. फोन भरला १९० ग्रॅम. पलीकडचा मुलगा बोलत होता आणि काटा त्याच्या बोलण्याची किंमत दाखवत होता : एक्क्याण्णव रुपये वीस पैसे.

"सर, तुमचं डॉट इन आमच्या रेकॉर्डला आहे. पण डॉट शॉप ओपन आहे, डॉट स्टोअर ओपन आहे, डॉट ऑनलाइन ओपन आहे. दुसऱ्या कुणी घेतलं तर तुमच्या ब्रँडला धोका आहे, सर."

"घेतलं तर काय करील तो?"

"तुमच्या नावानं पेढे विकेल, सर."

"ते समजलं. पण पेढं आणील कुठनं?"

पलीकडं शांतता पसरली. या प्रश्नाचं उत्तर त्याच्या कागदावर लिहिलेलं नसावं. "सर, पहिल्या वर्षाला फक्त नव्व्याण्णव," तो म्हणाला. दाजी म्हणाले, "आन दुसऱ्या वर्षाला?" फोन कटला. काटा मात्र एक्क्याण्णव वीसवर ठाम होता.

डॉट इन घेऊन देणारा माझा भाचा. तो पुण्याला कॉम्प्युटर शिकतो आणि सुटीत येऊन दुकान सुधारतो. त्यानं रिकामा पाव किलोचा डबा घेतला, झाकण उलटं केलं आणि त्यावर आतून डॉटपुढची शेपटं लिहायला लागला. शॉप, स्टोअर, ऑनलाइन, फूड, कॅफे, वर्ल्ड... पाव किलोचं झाकण भरलं. अर्धा किलोचं घेतलं. एक किलोच्या झाकणापाशी त्याच्या आईनं विचारलं, "एवढे डबे वाया घालवायचेत का?"

एसटीत जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकतात, हे मराठी माणसाला सांगायला नको. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी नगर-पुणे मार्गावर धावली, तेव्हा या विद्येचं आद्यपीठ आमच्याच जिल्ह्यात असणार, असा माझा दावा आहे. पुण्याकडचं टोक तो फेटाळील. पुणेकर रुमाल टाकत नाही. तो आरक्षण करून येतो आणि आपल्या जागेवर बसलेल्या माणसाला तिकिटामागचे नियम वाचून दाखवतो. तर इंटरनेटवर नाव राखणं म्हणजे हाच रुमाल. फरक इतकाच, की नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर आपण आपल्या गाडीत एक रुमाल टाकतो. इथं फलाटावर एकदम हजार-बाराशे गाड्या लागल्यात. तुम्हाला जायचंय एकीनं. पण रुमाल सगळ्यांत टाकायचा, कारण उरलेल्यांपैकी एखाद्या गाडीत तुमच्या नावाचा दुसराच कुणी खिडकीशी बसून 'मीच तो' म्हणाला तर? आणि वर प्रत्येक रुमालाचं दरसाल भाडं.

बाराशे हा आकडा मी रागाच्या भरात सांगत नाही. डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट नेट अशी सर्वांसाठीची शेपटं पूर्वी दोन डझनांच्या आत होती. ज्या संस्थेच्या हातात हा कारभार आहे, ती अमेरिकेतली आयकॅन. तिनं २०१२ साली दार उघडलं : ज्याला स्वतःचं शेपूट काढायचं असेल त्यानं १,८५,००० डॉलर भरून अर्ज करावा. एवढे पैसे घेऊन कोण येणार, असं तुम्हाआम्हाला वाटेल. अर्ज आले १,९३०. त्यातून बाराशेच्या वर शेपटं निघाली आणि २०१३ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्यानं जगात सोडली गेली. पुढची फेरी एप्रिल २०२६ ची, अर्जाचा दर २,२७,००० डॉलर. आपल्या हिशेबात दोन कोटींच्या आसपास. हे ऐकल्यावर दाजींनी पहिल्यांदा पेढा वळायचा थांबवला. "नुस्त्या टिंबाचं दोन कोटी? जमीन किती येती त्यात?"

भाच्यानं सांगितलं, जमीन काहीच येत नाही.

आता आयकॅनला नाववाल्यांची काळजी नाही असं म्हणणं बरोबर होणार नाही. काळजी आहे, आणि तिचंही दरपत्रक आहे. नवं शेपूट सर्वांना खुलं करण्याआधी निदान महिनाभर फक्त ट्रेडमार्कवाल्यांसाठी दार उघडतात. त्या काळाला म्हणतात सनराइज, सूर्योदय. आपल्या भाषेत सांगायचं तर गाडी फलाटाला लागायच्या आधी डेपोत जाऊन बसायची सोय. आपल्याकडं त्यासाठी कंडक्टर ओळखीचा लागतो. तिथं एका वहीत नाव लागतं. ही ट्रेडमार्कांची जागतिक वही २०१३ च्या मार्चमध्ये उघडली. एका नावाला वर्षाचे दीडशे डॉलर. त्याआधी आपल्या देशात ट्रेडमार्क नोंदलेला पाहिजे, आणि नाव खरंच वापरात असल्याचा पुरावा पाहिजे. वहीत नाव असलं, की प्रत्येक नव्या गाडीच्या डेपोत तुम्हाला प्रवेश. तिकीट अर्थातच वेगळं, आणि पहाटेचं असल्यामुळं महाग.

सूर्योदय सरला की गाडी सर्वांना खुली. पुढचे नव्वद दिवस मात्र त्या वहीतलं एखादं नाव कुणी घ्यायला गेलं, की त्याला सूचना मिळते : बाबा रे, हे नाव अमक्याच्या मालकीचं आहे, तरी पुढं जायचंय का? तो 'हो' म्हणाला की नाव त्याचं. अडवत कुणी नाही. मग मालकाला कळवतात, की तुमचं नाव गेलं. एसटीत 'चोरांपासून सावध रहा' अशी पाटी असते, तिच्यात आणि या सूचनेत मला विशेष फरक दिसला नाही. फार तर इतका, की ही पाटी चोराला वाचून दाखवतात.

त्यातही मेख अशी, की ती वही फक्त हुबेहूब नाव ओळखते. एक अक्षर इकडचं तिकडं झालं की तिला काही कळत नाही. आणि आपली नावं इंग्रजीत लिहायची म्हटली तर हुबेहूब म्हणजे काय? नुसतं 'श्री' घ्या. कुणी शेवटी दोन ई देतं, कुणी एक आय, कुणी मधला एच गाळतं. दाजींच्या एकाच दुकानाची पाटी, डबा आणि जीएसटीचा कागद यांवर तीन निरनिराळी स्पेलिंगं आहेत, आणि तिन्ही दाजींनीच सांगितलेली. अक्षर बदलून डाव साधण्यात आपल्या इतिहासाचा कुणी हात धरणार नाही. 'ध'चा 'मा' करून पेशवा गेला, अशी कथा आपण शाळेत ऐकलेली. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात 'रेडिफ' आणि 'रॅडिफ' यांचा वाद गेला, तेव्हा फरक इतकाच होता, एका ई च्या जागी ए. रेडिफच्या बाजूनं निकाल लागला. पुढं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही 'सिफी' आणि 'सिफीनेट' यांच्या वादात सांगितलं, की इंटरनेटवरचं नाव हेही धंद्याचं नावच आहे, त्यालाही तेच संरक्षण. म्हणजे कायदा आपल्या बाजूनं आहे. पण कायद्याकडं जायला जी गाडी लागते, तिच्यात रुमाल टाकून भागत नाही.

एक शेपूट तर असं निघालं, की मला त्याच्या कल्पकतेला दाद द्यावीशी वाटली. डॉट सक्स. मराठीत डॉट बेकार म्हणा, डॉट भंगार म्हणा. २०१५ मध्ये आलं. उद्या कुणी दाजींच्या नावापुढं 'डॉट भंगार' लावून बसू नये असं वाटत असेल तर सूर्योदयातच घ्या, म्हणाले. दर अडीच हजार डॉलरच्या घरात. शिव्या द्यायला येणाऱ्या सामान्य माणसाला ते स्वस्तात, आणि शिव्या खाणाऱ्याला महाग. याची बरीच ओरड झाली. आमच्याकडं जत्रेत गावगुंड हेच करतात, फक्त त्याला सूर्योदय म्हणत नाहीत.

"म्हंजी ज्याचं नाव त्यालाच दंड," दाजी म्हणाले.

भाच्याचं म्हणणं, या सगळ्याच्या मुळाशी ट्रेडमार्क. तो घेऊ, मग बघू. साडेचार हजारांत अर्ज होतो, दहा वर्षांचं काम. म्हणून बापलेक नगरला एका वकिलांकडं गेले. मीही गेलो, कारण परत येताना भेळ खायचं ठरलं होतं. वकिलांनी विचारलं, वर्ग कोणता? जगातल्या सगळ्या वस्तू आणि सेवा या कायद्यानं पंचेचाळीस वर्गांत बसवल्या आहेत. दूध आणि दुधाचे पदार्थ एकोणतिसाव्या वर्गात. मिठाई तिसाव्या. आणि पेढा? दाजी चक्रावले. पेढा म्हणजे दूध की मिठाई, हा प्रश्न तीन पिढ्यांत त्यांच्या घरात कुणी विचारला नव्हता. दोन्हीकडं अर्ज केला तर फी दोनदा.

मग वकिलांनी दुकानाचं नाव विचारलं. (मी तेव्हाही इकडंतिकडं बघून घेतलं.) नावात पहिला देव, मग आडनाव, मग स्वल्पविराम, आणि शेवटी 'पेढेवाले'. वकिलांनी चष्मा काढला. देवाधर्माचं नाव एकट्याचं होत नाही. 'रामायण' नावाच्या उदबत्तीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये तेच सांगितलं. आडनावाचं म्हणाल तर कायद्याचं ३५ वं कलम आहे. प्रामाणिकपणे स्वतःचंच नाव वापरणाऱ्याला अडवता येत नाही. आणि 'पेढेवाले' हे तर तुम्ही काय करता त्याचं वर्णन, ते सगळ्याच पेढेवाल्यांचं. राहिला स्वल्पविराम. तो नोंदवायचा असेल तर बघू.

आडनावावर दाजी जे गप्प झाले, ते भेळ येईपर्यंत बोलले नाहीत. कारण कलम ३५ त्यांच्या दुकानापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, त्याच रस्त्याला, डाव्या हाताला आहे. दाजींचा चुलतभाऊ. वाटणीत शेत, विहीर, बैलगाडी सगळ्याचे वाटे झाले; नावाचा वाटा कसा करतात हे तलाठ्यालाही माहीत नव्हतं. मग दोघांनीही पूर्ण नाव घेतलं. दाजींच्या पाटीवर लिहिलंय, 'आमची कोठेही शाखा नाही'. चुलतभावाच्या पाटीवर, 'हेच मूळ दुकान'. आणि डॉट कॉम? भाच्यानं फार पूर्वी बघितलं होतं. ते चुलतभावाच्या मुलानं दोन वर्षं आधीच घेतलेलं. तोही पुण्याला कॉम्प्युटरच शिकतो. दोघं एकाच खोलीवर राहतात.

"कोर्टात जायचं का?" भाच्यानं विचारलं. वकिलांनी पुण्यातल्या बर्गर किंगची गोष्ट सांगितली. कॅम्पात त्या नावाचं एक दुकान नव्वदच्या दशकापासून आहे. अमेरिकेतल्या बर्गर किंग कंपनीनं २०११ मध्ये दावा लावला, आणि भारतात तिचं स्वतःचं पहिलं दुकान उघडलं २०१४ मध्ये. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं दावा फेटाळला. कॅम्पातल्या दुकानाची सरशी झाली. डिसेंबरात उच्च न्यायालयानं अपिलाचा निकाल लागेपर्यंत ते नाव वापरायला मनाई केली होती.

"अकरा ते चोवीस," दाजींनी बोटांवर मोजलं. "तेरा वर्षं. तेवढ्यात किती घाणे निघाले असते."

खरं तर नगरकराला या साऱ्याचं नवल वाटायला नको. शहराबाहेर डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत आहे. अख्खा जिल्हा तिला चांदबिबीचा महाल म्हणतो. ती चांदबिबीची नाही आणि महालही नाही. ती सलाबतखानाची कबर. बिचारा शतकानुशतकं आत झोपलाय आणि पाटी दुसऱ्याची. त्यानं दाद मागायची कुणाकडं? उलट लूना बघा. कायनेटिकची लूना नगरच्याच कारखान्यातली. तिचं इतकं नाव झालं, की पुढं कुठल्याही कंपनीची मोपेड दिसली तरी लोक 'लूना आली' म्हणायचे. म्हणजे नाव राखलं नाही तर जातं, आणि फार झालं तरी जातं. दाजींची स्वतःची लूना दुकानामागं उभी आहे. ती दुसऱ्या कंपनीची आहे.

आमच्या दुकानापासून तासाभरावर शिर्डी. तिथं 'साई' हे नाव नसून हवा आहे. लॉज साई, मेडिकल साई, पंक्चरवाला साई, आणि साईंच्या शेजारी 'न्यू साई'. कुणाचं कुणावाचून अडत नाही, कारण भाविक समोर बघून आत शिरतो. घोळ होतो तो मोबाइलवर. संस्थान १९२२ पासूनचं. त्याचं अधिकृत ठिकाण साई डॉट ओआरजी डॉट इन. पण भक्तनिवासाची खोली शोधणाऱ्या माणसाला टिंबाच्या अलीकडचं 'साई' दिसतं, आणि हात जोडले जातात. हात जोडलेला माणूस टिंबाच्या पलीकडं बघत नाही. तिथंच पैसे जातात.

त्याहून जीवाला लागलं ते शिंगणापूरचं. ज्या गावात घरांना दारं नाहीत, जिथं २०११ मध्ये एका सरकारी बँकेनं बिनकुलपाची शाखा उघडली, त्या शनीच्या गावात २०२५ साली देवस्थानाच्या नावानं ऑनलाइन पूजेची बनावट ॲप चालवल्याचं प्रकरण पोलिसांत गेलं आणि विधानसभेतही गाजलं. वस्तूला हात लावायची ज्यांची छाती झाली नसती, त्यांनी नावाला लावला. दाजींच्या घरी असलेली आमची आत्या म्हणाली, "शनीला बघायला वेळ लागत असंल. कॉम्प्युटरचं आहे."

इतकं सगळं चाललेलं असताना सरकारनं जिल्ह्याचंच नाव बदललं. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. आनंद झाला, अहिल्याबाई आमच्याच चौंडीच्या. पण भाच्याच्या डोक्यात लगेच टिंबं नाचायला लागली. नव्या नावाचे पत्ते घ्यायचे, जुने सोडायचे नाहीत कारण सोडले की दुसरा उचलणार. म्हणजे दोन्हींचं भाडं. नवं नाव इंग्रजीत एकत्र की तोडून, मधे वाय की आय, हा घोळ वेगळाच. मला मात्र यात एक गंमत दिसली. इंटरनेटवर नाव तेच राहतं आणि शेपटं बदलत जातात. आमच्याकडं पुढचं बदललं, शेपूट तेच राहिलं : नगर. आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या फक्त शेपटानंच हाक मारत आलोय. कंडक्टर कालही "नगर, नगर, नगर" ओरडत होता, आजही ओरडतो. आमचं नामांतर एका दमडीविना झालं.

"मग डॉट नगर काढा की," दाजी म्हणाले. "त्यात मी पहिला रुमाल टाकतो."

भाच्यानं सांगितलं, दोन कोटी. शिवाय गावा-शहराचं नाव असलं तर सरकारची ना हरकत. टाटांसारख्यांनाही ती चुकली नाही. त्यांनी डॉट टाटा मागितलं, तर मोरोक्को देशात टाटा नावाचा प्रांत निघाला. जमशेदजींच्या घराण्यानं आपलंच आडनाव लावायचं आणि वाळवंटातल्या एका प्रांताला विचारायचं. पुढं मिळालं त्यांना. ग्रामपंचायतीच्या ना हरकत दाखल्यासाठी तीन चपला झिजवलेले दाजी हे ऐकून प्रथमच टाटांकडं बरोबरीच्या नात्यानं बघायला लागले.

मराठीतूनच पत्ता घ्यायचा, हाही प्रयोग झाला. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत मिळतं. दाजींना ते फार आवडलं. एक स्पेलिंग, भानगड मिटली. भाच्यानं फॉर्म भरायला घेतला आणि विचारलं, "नाना, आपल्या आडनावातली वेलांटी पहिली का दुसरी?" दाजी म्हणाले पहिली. पाटीवर दुसरी होती. आत्यानं दोन्ही चूक ठरवल्या. त्या रात्री फॉर्म तसाच राहिला. देवनागरीत 'डॉट संगठन' नावाचंही एक शेपूट आहे. ते हिंदीतलं, आपल्याकडं संघटना म्हणतात. त्यावर इथं एक शाखा निघून फुटायला वेळ लागणार नाही.

एकदाच दाजींचे डोळे चमकले. त्यांच्या बँकेचा निरोप आला, की आमचा पत्ता आता डॉट बँक डॉट इन झाला आहे. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडं जायला सांगितलं होतं. ते शेपूट बँकेशिवाय कुणाला मिळत नाही. पैसे टाकले तरी नाही. दारात माणूस उभा, आधी परवाना बघतो, मग आत सोडतो. दाजींनी निरोप दोनदा वाचला.

"हे बरंय. मग पेढ्याचं असं का करत नाहीत? डॉट पेढा डॉट इन. आधी कढई बघायची."

"कोण बघणार, नाना?"

"मी बघतो की."

"आणि काकांची कढई?"

दाजी बराच वेळ बोलले नाहीत. मागं उलथन्याचा आवाज बदलला होता, पण आच कमी करायचं त्यांनी सांगितलं नाही. पोरानं आपल्या मनानंच कमी केली. "त्याला द्यावंच लागंल," दाजी शेवटी म्हणाले. "हात बापाचाच आहे त्याचा."

शेवटी डॉट इन ठेवलं, डॉट भारतचा फॉर्म आत्या आणि दाजी यांच्यातल्या वेलांटीच्या वाटाघाटींवर अडकला, आणि भरलेली झाकणं आत्यानं उलटी करून वापरात आणली. आता काही गिऱ्हाइकांना पाव किलो पेढ्यांच्या झाकणाखाली शॉप, स्टोअर, कॅफे, वर्ल्ड असं हस्ताक्षर सापडतं. एकानं ती बक्षीस योजना आहे असं समजून फोन केला होता.

मी निघालो तेव्हा रस्त्यावर नगरची गाडी येऊन थांबली, आणि दाराशी ही गर्दी. मी खिडकीतून रुमाल आत टाकला. पांढरा, निळी किनार. धक्के खात आत पोचलो तर जागेवर एक गृहस्थ बसलेले, मांडीवर पिशवी.

"इथं माझा रुमाल होता."

"इथं? नाही बुवा. मी आलो तेव्हा जागा रिकामीच होती."

त्यांच्या उजव्या मांडीखालून निळी किनार दिसत होती. मी बोट दाखवलं. त्यांनी खाली पाहिलं, जरा उठले, रुमाल काढला, झटकला, चौकोनी घडी घातली आणि फार सभ्यपणानं माझ्या हातात दिला. मग परत बसले. मी उभा. राहुरी फॅक्टरीपर्यंत आम्ही एकमेकांकडं पाहिलं नाही. मग त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, पिशवीतून डबा काढला, झाकण उघडून माझ्यापुढं धरला.

"घ्या. ओरिजिनल आहेत."

झाकणावर देव, आडनाव आणि पेढेवाले होतं. स्वल्पविराम नव्हता. मी झाकणाची आतली बाजू बघितली, कोरी होती. म्हणजे हे डाव्या हाताच्या दुकानातले. मी एक घेतला. मग, गाडी खड्ड्यात आदळल्याचं निमित्त करून, दुसरा.

फार चांगला होता. दाजींना सांगू नका.